सुपा : पहिल्या भेटीसाठी माहिती (उन्हाळी जोडसुट्टी)

सुपा हे उत्तर कन्नड जिल्ह्यातील एका तालुक्याचे मुख्य गाव होते. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर ते वसले होते. आज तिथे धरणाचे पाणी आहे. बारामती तालुक्यातील सुपे किंवा पारनेर तालुक्यातील सुपे यांच्याशी याचा संबंध नाही. नकाशावर शोधताना हा घोटाळा हमखास होतो.

गावाचे काय झाले

काळी नदीवरील सुपा धरण गणेशगुडी येथे आहे. उंची १०१ मीटर, लांबी ३३२ मीटर. १९८७ मध्ये ते पूर्ण झाले. गाव आणि आसपासच्या वाड्या पाण्याखाली गेल्या. अनेक कुटुंबांना रामनगर येथे वसवण्यात आले आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली. तालुक्याचे नाव मात्र कागदावर बराच काळ टिकले. २०११ च्या जनगणनेतही तो ‘सुपा’ असाच आहे. आजोबांच्या दाखल्यावर सुपा आणि नातवाच्या दाखल्यावर जोयडा दिसले, तर तालुका एकच समजावा.

या धरणात साठलेले पाणी सुपा, नागझरी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशा चार ठिकाणी वीज निर्माण करून समुद्राला मिळते.

कधी जावे

पावसाळ्यात या भागात मुसळधार पाऊस असतो. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर एप्रिल-मे सोयीचा. १ मे शनिवार-रविवारला जोडून आला तर तीन दिवस मिळतात. या काळात जलाशयाची पातळी उतरलेली असते आणि काठावरची तांबडी माती उघडी पडते. दुपारी ऊन कडक असते, म्हणून फिरणे सकाळी उरकावे.

कसे जावे

बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेटमार्गे गणेशगुडी. गोव्याहून अनमोड घाटाने रामनगर. कारवारहून कद्रा आणि अणशी घाटातून जोयडा. रेल्वेने येणाऱ्यांनी लोंढा जंक्शनला उतरावे. राहण्याची सोय गणेशगुडी आणि दांडेली परिसरात आहे. सुट्टीत गर्दी असते, आधी ठरवून घ्यावे.

तीन दिवसांचा बेत

*पहिला दिवस :* रामनगर. जुन्या सुप्याची माणसे इथेच भेटतील, म्हणून हा दिवस घाईत उरकू नये. संध्याकाळी गणेशगुडी. धरण कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनच्या ताब्यात आहे. प्रवेश व फोटो यांबाबत आधी विचारावे.

*दुसरा दिवस :* जोयडा आणि उळवी. उळवीला बाराव्या शतकातील शरण चन्नबसवण्णांची समाधी आहे. वाटेत वेळ असेल तर सिंथेरीचा प्रचंड कातळ पाहावा.

*तिसरा दिवस :* अणशी घाटाने कारवार. सदाशिवगडाखाली काळी समुद्राला मिळते. डिग्गीजवळ उगम पावलेली नदी इथवर सुमारे १८४ किलोमीटर येते.

जपण्याच्या गोष्टी

धरणाखालच्या पात्रात वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की पातळी झपाट्याने वाढते. कोरडे दिसले तरी पात्रात मुलांना सोडू नये. जलाशयातही पोहायला उतरू नये. बराचसा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो (२०१५ पर्यंतचे नाव दांडेली-अणशी). रस्ता सोडून जंगलात शिरू नये, दिवस मावळण्याआधी मुक्कामी पोहोचावे. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.

भाषा आणि जेवण

घरात कोंकणी, कचेरीत कन्नड. मराठीवर काम सहज चालते. कुणबी घरांतले कंद हे या तालुक्याचे वैशिष्ट्य. त्यांचा हंगाम हिवाळ्यात. उन्हाळ्यात फणस, करवंदे, कोकम.

जाण्यापूर्वी

पाणी चढले तेव्हा विशीत असलेली माणसे आज साठीच्या आसपास आहेत. घर कोणत्या आळीत होते, शेजार कोणाचा, शाळा कुठे, नदीवर उतरायची वाट कोणती, हे तेच सांगू शकतील. शक्य असेल तर त्यांना बरोबर न्यावे. नाहीतर निघण्यापूर्वी त्यांच्याकडून कागदावर साधा नकाशा काढून घ्यावा. काठावर उभे राहून मुलांनी “आपले घर कुठे होते?” असे विचारले, तर उत्तर देण्यासाठी हातात एवढेच असेल.