तुरीचा पाचवा आकडा

२०१५ च्या दिवाळीच्या तोंडावर खामगावच्या एका अडत दुकानातून फोन आला. "सर, तुमचा कंपूटर तूर घ्यायले तयार नाही." मी बुलढाण्यात, म्हणजे घाटावर, आणि दुकान घाटाखाली. प्रोग्राम लिहायचं काम सोडून मला बारा वर्षं झाली होती. तरी तो प्रोग्राम माझाच, १९९५ चा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बोथ्याच्या जंगलातून उतरताना एकच विचार डोक्यात होता: वीस वर्षं चाललेल्या गोष्टीला आताच काय झालं?

झालं होतं ते असं. त्या महिन्यात तूरडाळ किलोला दोनशेवर गेली होती. पिंपळगाव राजाकडच्या एका शेतकऱ्यानं मागची तूर कोठीत राखून ठेवली होती, ती त्यानं आणली आणि लिलावात क्विंटलला साडेदहा हजारांचा भाव मिळवला. माल बारा क्विंटल. दुकानातल्या पोरानं भावाच्या रकान्यात १०५०० टाकले, पट्टी छापली, आणि सव्वा लाखाच्या जागी बारा हजार सहाशे आले. शेतकऱ्यानं पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "शेठ, एक शून्य उंदरानं खाल्लं का जी?"

उंदीर मी होतो. भाव टाकायच्या जागेवर मी चार नऊ, टिंब आणि दोन नऊ असा साचा लिहिला होता. त्यात चार आकडे बसले की कर्सर टिंबाच्या पलीकडे उडी मारतो आणि पाचवा आकडा पैशांत जाऊन पडतो. म्हणून १०५०० चे १०५० झाले. १९९५ साली कुठल्याही धान्याला क्विंटलमागे दहा हजार मिळतील असं कोणी बोललं असतं, तर मोंढ्यात त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण पाचवं घर ठेवायला मला पैसे पडणार नव्हते. ठेवलं नाही, एवढंच.

गल्ल्यामागे म्हातारे मुनीमजी बसले होते. ते काही बोलले नाहीत. जुनं पट्टीबुक काढून त्यांनी शेतकऱ्याची पट्टी हातानं लिहून दिली. पाच मिनिटांचं काम. तोलाई, हमाली वजा, खाली सही.

या गावाला हिशेबाची सवय फार जुनी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ मध्ये, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मागणी आली. खामगावची पेठ त्या काळात अशी फुगली की मुख्य लोहमार्गावरच्या जलंबपासून गावापर्यंत आठेक मैलांचा खास फाटा टाकावा लागला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. दलाल, मापारी यांना परवाने आणि बाजारावर समिती, ही आजच्या बाजार समितीची आजी. गाड्या येत, सौदे होत, आणि रात्री समईच्या उजेडात कोणीतरी वही लिहीत बसे.

वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. आत रेघा नाहीत. कागदाला उभ्या घड्या घालून रकाने पाडायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रोजच्या उलाढालीची कीर्द, तिच्यावरून नावनिशीवार खतावणी. मराठी दुकानांत मोडी, मारवाडी पेढ्यांत महाजनी वळणाची अक्षरं. शेठजींच्या लिपीवरून पुष्कळ विनोद आहेत, पण एक खरं: एका दुकानचा मुनीम तापानं पडला तर शेजारच्या दुकानचा मुनीम येऊन वही उघडून बसे आणि मेळ घालून जाई. पद्धत सगळ्यांची एक होती. वही कोणाची आहे याच्याशी दुरुस्तीचा संबंध नव्हता.

आणि या वहीवर काय काय येऊन गेलं! १९०५ साली खामगाव तालुका अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्याला जोडला. १९५६ मध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले. मग मण-शेर जाऊन क्विंटल-किलो. मुनीमजी तेव्हा वडिलांच्या हाताखाली शिकत होते. आणे कसे गेले, असं मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "घडी एक कमी घातली." रुपये, आणे, पै या तीन घरांची दोन घरं झाली, संपलं. जुना हिशेब जुन्या पानावर तसाच राहिला, कोणालाही वाचता येईल असा. (सरकीसकट कापसाचा भाव क्विंटलनं बोलणारा व्यापारी रुईचा भाव मात्र अजून खंडीत बोलतो, ३५६ किलोची. काही घड्या मोडत नाहीत.)

मग आम्ही आलो. नव्वदच्या दशकात खामगाव, मलकापूर, चिखली, सगळीकडे कॉम्प्युटर क्लास निघाले. डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस. डीबेसपेक्षा चपळ म्हणून फॉक्सप्रो आला. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या एका छोट्या कंपनीचा, जी १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली. सहा महिन्यांचा कोर्स केलेला पोरगा दुकानदाराच्या ओट्यावर बसून त्याला हवा तसा प्रोग्राम लिहून देऊ शकत होता. मी पाच हजार रुपये घेतले होते. आवक, काटापट्टी, शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं बिल, उचल आणि तिचं व्याज. कापूस त्यात नव्हता. १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, तो पणन महासंघाकडे जायचा. अडत दुकानात ज्वारी, मूग, उडीद, तूर, आणि नवं नवं सोयाबीन.

देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मिळायचं, पण ते शेठजींना महाग वाटलं. म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत. एकच वानखडे एकदा डब्ल्यूनं, एकदा व्हीनं, एकदा शेवटी ई लावून. एका माणसाची तीन खाती झाली आणि उचल दिसेना. ही माझ्याकडे आलेली पहिली तक्रार.

दुसरी विजेची. भारनियमनाच्या काळात रात्री मेळ घालताना लाइट जायची. फॉक्सप्रोच्या फाइलीच्या डोक्यावर किती नोंदी आहेत तो आकडा लिहिलेला असतो. नोंद आत पडली आणि डोक्यावरचा आकडा बदलायच्या आत वीज गेली, की फाइल स्वतःलाच ओळखत नाही. मग मी सायकलवर जायचो, आकडा सरळ करायचो, सूची पुन्हा बांधायचो. गावात आम्ही असे चार-पाच जण होतो, पण एकाचा प्रोग्राम दुसरा हातात घेत नसे. माझी नावं वेगळी, त्याची वेगळी. मीसुद्धा घेतला नाही. 'ज्यानं केला त्यालाच बोलवा,' असं सांगताना जरा बरंही वाटायचं.

तिसरी २००० सालची. वर्षाचे दोनच आकडे ठेवले होते. जानेवारीत एका शेतकऱ्यानं उचल फेडली, तारीख पडली ५-१-००, प्रोग्रामला वाटलं १९००. उचल १९९९ ची. दिवस उणे, व्याजही उणे, नव्व्याण्णव वर्षांचं. शेठजींनीच शेतकऱ्याला व्याज द्यावं असा निकाल यंत्रानं दिला. तो दुरुस्त करताना शेठजी हसत नव्हते.

त्यानंतर काही पोरं पुण्याला गेली, काहींनी झेरॉक्स टाकलं, मी बुलढाण्यात शिकवायला लागलो. प्रोग्राम मागे राहिले, चालत राहिले. फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचीही मदत कंपनीनं जानेवारी २०१५ मध्ये थांबवली. म्हणजे त्या दिवाळीत खाली मी आणि वर कोणीच नाही.

आणि माझ्याकडेही काही नव्हतं. मूळ मजकूर सव्वापाच इंची फ्लॉपीत, फ्लॉपीला बुरशी. दुकानातल्या जुन्या मशीनवर फॉक्सप्रो होता, माझा प्रोग्राम चालायचा, पण तो उघडून वाचायचा कागद कुठेच नाही. मी शेठजींना सांगितलं, नवं घ्या. तेव्हा मुनीमजी उठले, वरच्या माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेलं बासन काढलं. जुन्या वह्यांच्या मध्ये छिद्रांच्या पट्टीचा रुंद कागद, घडीवर घडी. माझा पूर्ण प्रोग्राम, छापलेला. १९९५ साली त्यांनी मागितला होता. "लिहिलं ते कागदावर दे बाबू, मले वही पाह्यजे." मी थट्टा समजून छापून दिला होता. पहिल्या पानावर लक्ष्मीपूजनाचं कुंकू होतं. वाळून तपकिरी झालेलं.

शाई फिकी होती, पण ओळ सापडली. ती एक फाइल मी कागदावरून पुन्हा टाइप केली. साच्यात आणि फाइलीत भावाचं घर वाढवलं. मुनीमजी मागे उभे होते.

"किती घरं केली?"

"पाच."

"सहा कर."

"लाखाचा भाव कुणाला मिळणार, मुनीमजी?"

"तुले काय पैसे पडते काय?"

सहा केली. १०५०० टाकले, पट्टी छापली, एक लाख सव्वीस हजार. शेठजींनी मला पाचशे रुपये दिले. पुढे जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, दुकानात टॅली आली आणि माझं मशीन कापडाखाली गेलं. पण त्या दिवशी निघताना मी कीर्दीत डोकावलो. माझे पाचशे कोणत्या खात्यावर पडले ते पाहायचं होतं. अशा खर्चाचं खातं वहीत नव्हतं. मुनीमजींनी ते 'काटा दुरुस्ती'ला टाकले होते.