सरकारी बालवर्ग, खासगी छप्पर

शहरातील प्रत्येक चार वर्षांच्या मुलाला मोफत बालवर्ग द्यायचा ठरवले, तर एवढ्या वर्गखोल्या आणायच्या कुठून? न्यूयॉर्कचे महापौर बिल डी ब्लासिओ यांच्यापुढे २०१४ मध्ये हा प्रश्न होता. तेव्हा शहरात पूर्णवेळ बालवर्गाच्या सुमारे २० हजार जागा होत्या. सप्टेंबर २०१४ मध्ये मुलांची संख्या ५० हजारांवर आणि पुढील वर्षी ६५ हजारांपलीकडे गेली.

इतक्या अल्पावधीत शाळा बांधणे अशक्यच. म्हणून प्रशासनाने स्वयंसेवी संस्था, पाळणाघरे, खासगी बालवाड्या आणि धार्मिक संस्थांच्या शाळांशी करार केले. निम्म्याहून अधिक मुले अशा केंद्रांतच दाखल झाली. कराराच्या तासांसाठी पालकांकडून शुल्क घ्यायचे नाही आणि त्या वेळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, या त्यातील प्रमुख अटी.

पालकांच्या दृष्टीने दोन्हीकडचा वर्ग सारखाच. शिक्षिकेच्या दृष्टीने मात्र नाही. पदवी तीच, मुले त्याच वयाची. तरीही केंद्रातील शिक्षिकेचा पगार सरकारी शाळेतील शिक्षिकेपेक्षा बराच कमी असे. शिवाय अनेक केंद्रे वर्षभर चालतात, त्यामुळे उन्हाळी सुटीही नाही. परिणामी, प्रमाणपत्र हाती पडताच अनेकजणी सरकारी शाळेची वाट धरत आणि केंद्रांना पुन्हा नव्या शिक्षिका शोधाव्या लागत. २०१९ मध्ये तडजोड झाली. प्रमाणित शिक्षकांचे वेतन ऑक्टोबर २०२१ पर्यंत सरकारी शाळेतील सुरुवातीच्या वेतनाइतके करण्याचे ठरले. अनुभवानुसार मिळणाऱ्या वाढीचे काय, हा मुद्दा तिथेच राहिला!

शेजारच्या न्यूजर्सी राज्याने हा गुंता आधीच ओळखला होता. 'अ‍ॅबट विरुद्ध बर्क' खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गरीब शाळा-जिल्ह्यांतील तीन व चार वर्षांच्या मुलांसाठी बालवर्गाचा आदेश दिला. तिथेही खासगी केंद्रांची मदत घ्यावीच लागली. पण एका वर्गात जास्तीत जास्त १५ मुले आणि पदवीधर शिक्षक हा नियम सर्वांना एकच. अनुभवी पण पदवी नसलेल्या शिक्षिकांना मुदत आणि शिक्षणासाठी अर्थसाह्य मिळाले. पगारही सरकारी शाळांच्या बरोबरीने आणले गेले. हे अर्थातच खर्चिक होते, आणि त्यामागे न्यायालयाचा आदेश होता.

न्यूयॉर्कमध्ये असा आदेश नव्हता. २०२२ मध्ये कराराची देयके महिनोन्‌महिने थकल्याने अनेक केंद्रे अडचणीत आली. लहान संस्थांकडे शिल्लक ती किती असणार? काहींना कर्ज काढून पगार करावे लागले.