सांधेरोपण

सांधेरोपण : झिजलेल्या सांध्याचे खराब पृष्ठभाग काढून तेथे धातू व प्लॅस्टिकचे कृत्रिम भाग बसवण्याची शस्त्रक्रिया. ती मुख्यतः गुडघा व खुबा या सांध्यांवर होते. उतारवयातील झीज, आमवात व जुनी दुखापत ही प्रमुख कारणे. औषधे, व्यायाम व वजनघट यांनी गुण येत नसेल आणि चालणे, झोप यांत अडथळा येत असेल, तेव्हा ती सुचवतात.

इतिहास : आधुनिक खुबारोपणाचा पाया १९६०च्या दशकात इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी घातला. पुण्यात डॉ. कांतीलाल संचेती यांनी १९६५ मध्ये अस्थिरोग रुग्णालय सुरू केले. पुढे त्यांनी ‘इंडस’ हा देशी कृत्रिम गुडघा विकसित केला. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे २००० व २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्यासाठी ती ५४,७२० रुपये (कर वेगळा) होती.

पद्धती : पूर्ण गुडघा कापून काढत नाहीत. मांडीच्या व नडगीच्या हाडांची टोके काही मिलिमीटर तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात व मध्ये पॉलिएथिलिनची चकती ठेवतात. खुब्यात गोळा व खोबण दोन्ही बदलतात.

पुनर्वसन : बहुतेक रुग्णांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. गुडघा पूर्ण सरळ होणे व पुरेसा वाकणे हे पहिल्या काही आठवड्यांच्या व्यायामावर अवलंबून असते. दुखते म्हणून तो टाळल्यास सांधा आखडतो. रोजची कामे दीड ते तीन महिन्यांत जमू लागतात. पूर्ण ताकद यायला वर्षही लागते.

मुळशीच्या संदर्भात : आंबेमोहोरासाठी प्रसिद्ध असलेल्या मुळशी तालुक्यात (जि. पुणे) भातलावणी चिखलात वाकून, तर घरातील बरीच कामे उकिडवे बसून होतात. रोपणाने बहुतेकांच्या वेदना खूप कमी होतात, पण उकिडवे बसणे व मांडी घालणे सहसा टाळावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच घरात कमोड, उंच खाट व हाताला आधार यांची सोय करावी, तसेच लावणीचा हंगाम विश्रांतीच्या काळात येणार नाही अशी तारीख घ्यावी.

धोके : जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, कृत्रिम भाग सैल होणे. पोटरी सुजणे व दुखणे, ताप येणे किंवा जखमेतून पू येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना दाखवावे. अचानक धाप लागल्यास थेट रुग्णालय गाठावे.