ज्ञानावरण आणि पोथी : मूडबिद्रीच्या सिद्धांतग्रंथांचा वृत्तांत

जुन्या पोथ्या जमविणाऱ्या मंडळींच्या ध्यानांत एक गोष्ट आल्यावांचून राहिली नसेल. घरोघरच्या माळ्यांवरून मिळणारीं दप्तरें बहुधा ओल, वाळवी व उंदीर यांच्या तडाख्यांतून जेवढीं वांचलीं तेवढीं हातीं येतात. उलटपक्षीं जैन भांडारांतील पोथी पांचसहाशें वर्षांची असली तरी पुष्कळदां वेष्टनांत नीट बांधलेली, पत्रांकांसह पूर्ण व शेवटच्या पुष्पिकेसकट सांपडते. डॉ. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर व पीटर्सन यांनीं मुंबई सरकारच्या वतीनें जो संग्रह केला व जो १९१८ सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला, त्यांतील जैन विभाग एवढा मोठा आहे कीं, त्याच्या वर्णनात्मक सूचीसाठीं प्रा. हीरालाल रसिकदास कापडिया यांना अनेक भाग खर्चीं घालावे लागले. हवा तीच, कागद व शाई तीच. मग हा फरक कां पडावा? त्याचें उत्तर पोथीच्या द्रव्यांत नसून पोथी बाळगणाऱ्यांच्या धर्मकल्पनेंत आहे, असें आमचें मत आहे. हीच धर्मकल्पना प्रसंगीं पोथीला कुलुपांतही घालते. ही दुसरी बाजू मूडबिद्री येथील सिद्धांतग्रंथांच्या इतिहासांत स्पष्ट दिसते. तो इतिहास येथें संक्षेपानें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम तत्त्वविचार पाहूं. जैन मतें जीव स्वभावतःच अनंतज्ञानी आहे. ज्ञान बाहेरून येऊन त्याला चिकटत नाहीं; त्याच्यावर बसलेलें कर्माचें पटल दूर झालें म्हणजे तें आपोआप प्रकट होतें. कर्म म्हणजे केवळ कृत्य नव्हे, तर जीवाला बद्ध करणारें सूक्ष्म पुद्गलद्रव्य. त्याच्या आठ मूलप्रकृति मानिल्या असून त्यांपैकीं पहिली ज्ञानावरणीय होय. ज्ञानाचे मति, श्रुत, अवधि, मनःपर्यय व केवल असे पांच भेद आहेत. सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांतले त्यांतील पहिले दोनच. म्हणून श्रुताचा, म्हणजे आगमाचा, आदर हाच त्याच्यापुढें केवलज्ञानाकडे जाणारा उघडा मार्ग. सम्यग्दर्शन, सम्यग्ज्ञान व सम्यक्चारित्र हीं तीन मिळून मोक्षमार्ग होतो, हें तर सर्वश्रुतच आहे.

आतां ज्ञानावरणीय कर्म कशानें बांधलें जातें? श्वेतांबर व दिगंबर या उभय पंथांस मान्य असलेल्या उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायांत त्याचीं कारणें दिलीं आहेत. त्यांत ज्ञानाचा द्वेष व अनादर आहे. तसेंच ठाऊक असलेलें ज्ञान लपविणें, मत्सरानें तें दुसऱ्यास न देणें व दुसऱ्याच्या ज्ञानांत विघ्न आणणें हींही आहेत. वाचकांनीं हीं दोन अंगें ध्यानीं ठेवावीं. पोथीची अवज्ञा हें पाप, आणि पोथी दडविणें हेंही पाप. पुढील सर्व कथा या दोहोंच्या ओढाताणींतून निघालेली आहे.

पोथीविषयींचा हा आदर आरंभापासून मात्र नव्हता. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हीं साधूचीं पांच महाव्रतें. पुस्तक जवळ ठेवावें तर परिग्रह होतो. पानांच्या फटींत शिरलेले सूक्ष्म जीव तें मिटतांना चिरडले जातात, म्हणून हिंसाही होते. यास्तव श्वेतांबरांच्या छेदसूत्रांवरील जुन्या भाष्यांत पुस्तक बाळगणाऱ्या साधूला प्रायश्चित्त सांगितलें आहे. पुढें स्मरणशक्ति क्षीण होऊं लागली, दुष्काळांनीं पाठक साधूंचे संघ विस्कळित झाले, तेव्हां नियम शिथिल करावा लागला. व गंडी, कच्छपी, मुष्टि, संपुटफलक व छेदपाटी असे पुस्तकांचे पांच प्रकारही टीकाकार नोंदूं लागले. महावीरनिर्वाणानंतर ९८० किंवा ९९३ वर्षांनीं, म्हणजे परंपरागत निर्वाणकाल धरल्यास इ. स. ४५३ किंवा ४६६ च्या सुमारास, देवर्धिगणि क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखालीं वलभी येथें श्वेतांबर आगम पुस्तकारूढ झाले. ज्या संघानें पुस्तकाला दोष मानिलें, त्यानेंच पुढें जेसलमेर, पाटण व खंबायत येथील भांडारें उभीं केलीं. आपद्धर्म म्हणून पत्करलेली वस्तु पूज्य झाली ती अशी.

दिगंबरांची परंपरा निराळी आहे. त्यांच्या मतें निर्वाणानंतर ६८३ वर्षांत अंगज्ञान क्रमानें लुप्त झालें व त्याचा अंशमात्र उरला. तो अंश गिरनारच्या चंद्रगुहेंत राहणाऱ्या धरसेन आचार्यांस अवगत होता. आपल्यामागें तोही नष्ट होईल या भीतीनें त्यांनीं दक्षिणापथांत महिमा नगरीस जमलेल्या आचार्यांस पत्र पाठविलें. तिकडून दोन साधु आले. गुरूंनीं त्यांस शिकविलें. आणि पुष्पदंत व भूतबलि या नांवांनीं प्रसिद्ध झालेल्या या शिष्यांनीं षट्खंडागम रचिला. ग्रंथ पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ शुद्ध पंचमीस चतुर्विध संघानें त्याची पूजा केली, असें इंद्रनंदीच्या श्रुतावतारांत सांगितलें आहे. दिगंबरांची श्रुतपंचमी ती हीच. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीस येते.

हें महिमा नगर म्हणजे सातारा जिल्ह्यांतील महिमानगड व धवला टीकेंत आलेली वेण्या नदी म्हणजे आपली वेण्णा, असा तर्क विद्वानांनीं केला आहे. महाराष्ट्रीय वाचकास तो सुखावह वाटेल. परंतु महिमानगड माण तालुक्यांत आहे, वेण्णा महाबळेश्वरीं उगम पावून माहुलीस कृष्णेला मिळते, आणि धवलेंत त्या नदीचा संबंध आंध्र देशाशीं जोडलेला आहे. तेव्हां नामसादृश्यापलीकडे पुरावा मिळेपर्यंत हा तर्क तर्कच समजावा हें बरें.

या दोन्ही पंचम्यांचा आचार संग्राहकांनीं मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्या दिवशीं भांडारें उघडतात. पोथ्या बाहेर काढून झटकल्या जातात, वेष्टनें बदललीं जातात, पूजा होते व पुन्हां बासनें बांधून ठेविलीं जातात. श्वेतांबरांची तिथि पावसाळा सरल्यावर, ओल काढण्याच्या दिवसांत येते. दिगंबरांची पावसाळ्याच्या तोंडावर येते. वर्षांतून एकदां प्रत्येक पोथीवरून माणसाचा हात फिरावा, याहून अधिक चांगला रक्षणोपाय कोणत्या ग्रंथपालास सुचला असता? त्यांत शास्त्रदानाची भर पडते. आहार, अभय, औषध व शास्त्र या चार दानांत शास्त्राची गणना असल्यामुळें धनिक श्रावक-श्राविका प्रति लिहवून साधूंस व मंदिरांस अर्पण करीत. दहाव्या शतकाच्या अखेरीस अत्तिमब्बे या कन्नड श्राविकेनें पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रति करविल्या, अशी प्रसिद्धि आहे. जैन पुष्पिकांत दात्याचें कुल, गच्छ, गुरु, गांव व संवत् यांची जी तपशीलवार माहिती मिळते, तिचें मूळ या दानविधींत आहे. पुण्य कोणाच्या खातीं जमा व्हावें, याची ती नोंद होय.

आतां मूडबिद्रीकडे वळूं. षट्खंडागमाच्या पहिल्या पांच खंडांवर वीरसेनाचार्यांनीं ७२,००० श्लोकप्रमाण धवला टीका लिहिली, डॉ. हीरालाल जैन यांच्या निर्णयाप्रमाणें ती शके ७३८ (इ. स. ८१६) मध्यें पूर्ण झाली. कषायप्राभृतावरील जयधवलेचे २०,००० श्लोक वीरसेनांनीं रचिले व उरलेले ४०,००० त्यांचे शिष्य जिनसेन यांनीं रचून शके ७५९ (इ. स. ८३७) मध्यें, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या कारकीर्दींत, टीका पुरी केली. महाबंध हा षट्खंडागमाचा सहावा खंड. या तिन्ही ग्रंथांच्या जुन्या कन्नड लिपींतील ताडपत्री प्रति दक्षिण कानडा जिल्ह्यांतील मूडबिद्री येथें गुरुबस्तींत होत्या व इतरत्र त्यांचा प्रचार उरला नव्हता. यात्रेकरूंस त्यांचें दर्शन घडे, भक्तिभावानें मस्तक लवे. पण वाचन बंद पडलें होतें. म्हणजे ज्या ग्रंथासाठीं श्रुतपंचमी पाळली जाते, तोच ग्रंथ शतकानुशतकें कोणी वाचीत नव्हतें.

१८८३ च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद यात्रेस गेले असतां पत्रें जीर्ण होत असल्याचें त्यांनीं पाहिलें व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांस कळविलें. हिराचंदांनीं स्वतः जाऊन पाहणी केली, वर्गणी जमविली आणि बऱ्याच खटपटीनंतर १८९६ च्या सुमारास नक्कल करण्याचें काम सुरू झालें. तें श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरि शास्त्री व मिरजेचे गजपति उपाध्याय यांनीं चालविलें. अट अशी होती कीं, नकलाही मूडबिद्रीबाहेर जाऊं नयेत.

पुढील हकीकत षट्खंडागमाच्या पहिल्या भागाच्या प्रस्तावनेंत दिली आहे. गजपति उपाध्यायांनीं आपली विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साह्यानें कन्नड लिपींत एक गुप्त प्रत तयार केली व ती सोलापुरास आणिली. हिराचंदांनीं ती घेण्याचें नाकारिलें व माणिकचंदांनाही घेऊं नये असें लिहिलें. ज्यांनीं या ग्रंथांसाठीं वर्षानुवर्षें श्रम केले, त्यांनींच दारीं आलेली प्रत परतविली! अस्तेय हें व्रत श्रावकासही आहे, हें स्मरल्यास यांत नवल वाटणार नाहीं. शेवटीं सहारणपूरचे लाला जंबुप्रसाद यांनीं ती प्रत घेऊन आपल्या मंदिरांत ठेविली. तिचें नागरी लिप्यंतर करण्यास आलेल्या सीताराम शास्त्र्यांनीं आणखी एक प्रत स्वतःपाशीं ठेविली व तीवरून अमरावती, कारंजा, आरा इत्यादि ठिकाणीं नकला पसरल्या. त्यांच्या आधारें अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्राध्यापक हीरालाल जैन यांनीं १९३९ सालीं पहिला भाग छापिला. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचें साह्य त्यांस होतें. पुढील सुमारें वीस वर्षांत सोळा भाग निघून धवला पूर्ण झाली.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, चोरीनेंच ज्ञानाचें कल्याण झालें. परंतु कथेचा उत्तरार्ध तसा निर्णय देऊं देत नाहीं. अमरावती, आरा व कारंजा येथील तिन्ही प्रति एकाच गुप्त नकलेच्या वंशांतील होत्या. प्रति तीन दिसल्या तरी साक्षीदार एकच. मूळ नकलेंत जें गळलें तें तिन्हींत गळलें. सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रांत मनुष्यिनींस, म्हणजे मनुष्यगतींतील स्त्रियांस, कोणत्या गुणस्थानांत पर्याप्त मानावें हें सांगितलें आहे. हस्तगत प्रतींत ही यादी पांचव्या गुणस्थानाशीं संपत होती. संपादकांना शंका आली. कारण या सूत्रावरून द्रव्यस्त्रीचा मोक्ष सिद्ध होईल असा आक्षेप वीरसेनांनीं टीकेंत स्वतःच उभा करून त्याचें निरसन केलें आहे, आणि पुढच्या गुणस्थानाचा वाचक ‘संजद’ हा शब्द सूत्रांत असल्याखेरीज त्या आक्षेपाला जागाच उरत नाहीं. त्यांनीं तळटीपेंत तो शब्द सुचविला मात्र, मोठें वादळ उठलें. स्त्रीमुक्ति हा तर दिगंबर व श्वेतांबर यांमधील मुख्य मतभेदांपैकीं एक. एका शब्दानें पंथाची भिंत हलते कीं काय, असें कित्येकांस वाटलें. पुढें मूडबिद्रीच्या भट्टारकांचें व विश्वस्तांचें सहकार्य मिळून ताडपत्रांशीं पाठ ताडून पाहण्यांत आले, तेव्हां ‘संजद’ हा शब्द ताडपत्रांत मिळाला. त्याचा अर्थ भावस्त्रीपर लावावा कीं द्रव्यस्त्रीपर, हा वाद शास्त्र्यांचा आहे. पाठाचा वाद मात्र मिटला.

लपून केलेल्या नकलेनें ग्रंथ लोकांपुढें आणिला हें खरें. तथापि शुद्ध पाठ मिळाला तो राजीखुषीनें उघडलेल्या भांडारांतून. शिवाय शतकानुशतकें पूजा म्हणून कां होईना, तीं ताडपत्रें मूडबिद्रीकरांनीं जपलीं नसतीं, तर निर्णय कशावरून झाला असता? दर्शनापुरती पोथी ठेवणारांस अज्ञ म्हणून हिणविणें सोपें आहे. त्यांनीं आसादनेचें भय पाळलें व निह्नवाचा दोष विसरला. पण तो दोष त्यांच्याच शास्त्रांत लिहिलेला होता, आणि अखेर त्याच शास्त्राच्या आधारें त्यांचें मन वळविणें शक्य झालें. पुढें आचार्य शांतिसागर यांच्या प्रेरणेनें हेच आगम ताम्रपत्रांवर कोरविण्यांत येऊन फलटण येथें ठेविले गेले, ही त्याच श्रुतभक्तीची अलीकडील साक्ष होय.

आमच्या संग्राहक बंधूंनीं यांतून तीन गोष्टी घ्याव्या असें सुचवावेंसें वाटतें. जैन पोथी मिळाल्यास तिचें वेष्टन, पाट्या व पुष्पिका यांची ताटातूट करूं नये. दानाचा सारा वृत्तांत त्यांतच असतो. दुसरें, प्रतींची संख्या मोजण्याआधीं त्यांची वंशावळ लावावी. तिसरें, बंद भांडाराच्या दाराशीं जातांना द्रव्य किंवा दडपण घेऊन जाऊं नये. तेथील पूज्य ग्रंथ ज्ञानाविषयीं काय सांगतात तें शिकून जावें. दार उघडण्यास अवधि लागेल, पण उघडल्यावर मूळ पत्र समोर येईल. आणि एखादा गळलेला शब्द बहुधा तेथेंच सांपडेल.