हार्ड डिस्क व सॉलिड-स्टेट ड्राइव्ह : आयुर्मानाच्या कल्पनेचा इतिहास

संगणकावर साठविलेली माहिती किती वर्षे टिकते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु ज्या काळात दप्तरे, पत्रव्यवहार व मुलाखती कागदाऐवजी यंत्रात जतन होऊ लागल्या आहेत, त्या काळात तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही प्रश्न ठरतो. हार्ड डिस्क अधिक टिकाऊ, की तिच्यामागून आलेली सॉलिड-स्टेट ड्राइव्ह, असा वाद सामान्यतः घातला जातो. या वादात ‘टिकणे’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो : वापराने होणारी झीज, यंत्राचे अकस्मात बंद पडणे, आणि न वापरता ठेवलेली माहिती शाबूत राहणे. हे तीन अर्थ एकमेकांत कसे मिसळले, हे दोन्ही साधनांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

आयबीएम कंपनीने इ. स. १९५६ मध्ये ‘३०५ रामॅक’ या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे ती सिद्ध झाली होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि सर्व मिळून ५० लक्ष अक्षरांची साठवण, असे तिचे स्वरूप होते. पुढे १९७३ मध्ये ‘विंचेस्टर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या ‘३३४०’ या साधनात तबकड्या व त्यांवरील मजकूर वाचणारी शीर्षे एकाच बंद कोशात ठेवण्यात आली व धुळीचा धोका पुष्कळ कमी झाला. मूळ तत्त्व मात्र बदलले नाही. तबकडीवरील लेपाच्या चुंबकनात माहिती नोंदविली जाते व ते चुंबकन वर्षानुवर्षे राहू शकते. बिघडतात ती मोटर, बेअरिंग व शीर्षे. म्हणजे हार्ड डिस्कमध्ये लेख दीर्घायुषी, पण तो वाचणारे यंत्र अल्पायुषी, असा प्रकार आहे.

सॉलिड-स्टेट ड्राइव्हची गोष्ट नेमकी उलट आहे. विद्युत्-रोधक थराने सर्व बाजूंनी वेढलेल्या वाहकात विद्युतभार कोंडून ठेवावा व त्यायोगे स्मृती साधावी, ही कल्पना १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डावोन कांग व सायमन झी यांनी मांडली. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती व १९८७ मध्ये तिचा ‘नँड’ हा प्रकार जगापुढे ठेवला. या साधनात फिरणारा भाग मुळीच नाही. तथापि प्रत्येक वेळी लिहिताना व पुसताना विद्युतभार त्या रोधक थरातून बळाने ये-जा करतो व थर किंचित दुबळा होतो. एका कोष्ठात एकच बिट साठविणाऱ्या प्रकारात सुमारे १ लक्ष वेळा पुसण्याची क्षमता मानली जाते. दोन बिटांच्या प्रकारात ती ३ ते १० हजारांवर, व तीन बिटांच्या प्रकारात याहूनही खाली आली. किंमत उतरली ती या सहनशक्तीच्या मोबदल्यात, असे म्हणावयास हरकत नाही.

यामुळे प्रारंभी सर्वांचे लक्ष झिजेवर खिळून राहिले. लेखनाचा भार सर्व कोष्ठांवर सारखा वाटणे आणि चुका गणिताने दुरुस्त करणे, या दोन उपायांनी ही भीती बरीचशी निराधार ठरविली. ‘टेक रिपोर्ट’ या अमेरिकन प्रकाशनाने २०१३ ते २०१५ या काळात सहा सामान्य ड्राइव्हांवर त्या निकामी होईपर्यंत अखंड लेखन केले. सर्वांनी ७०० टेराबाइटचा टप्पा ओलांडला. शेवटची ड्राइव्ह तर २.४ पेटाबाइटपर्यंत टिकली. घरगुती वापरात इतके लेखन कित्येक दशकांतही होत नाही.

हार्ड डिस्कच्या बाबतीत भ्रम वेगळा होता. उत्पादक तिचे सरासरी आयुष्य १० ते १५ लक्ष तास असे नोंदवीत. १० लक्ष तास म्हणजे सुमारे ११४ वर्षे. परंतु हा आकडा एका डिस्कचे वय सांगत नाही, तर अनेक डिस्कांपैकी वर्षाला किती निकामी होतील याचा अंदाज देतो. त्यावरून हे प्रमाण फार तर ०.८८ टक्के निघते. बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे १ लक्ष डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बदलाव्या लागलेल्या डिस्कांचे वार्षिक प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के, तर एखाद्या ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले.

श्रोडर यांनीच २०१६ मध्ये गूगलमधील सहकाऱ्यांसह त्या कंपनीच्या सॉलिड-स्टेट ड्राइव्हांच्या सहा वर्षांतील नोंदी अभ्यासल्या. या ड्राइव्ह हार्ड डिस्कपेक्षा कमी प्रमाणात बदलाव्या लागतात, हे त्यातून दिसून आले. मात्र २० टक्क्यांहून अधिक ड्राइव्हांत चार वर्षांच्या आत दुरुस्त न होणारी चूक किमान एकदा तरी उद्भवली होती. आणि बिघाडाचा संबंध लेखनाच्या प्रमाणापेक्षा वयाशी अधिक होता. यंत्र चालू राहते, पण त्यातील एखादा अंश नाहीसा होतो, हा या निष्कर्षाचा अर्थ संशोधकाने दुर्लक्षू नये.

तिसरा अर्थ जतनाचा. जेडेक या संस्थेच्या २०१० मधील मानकानुसार, ठरलेले सर्व लेखन पूर्ण झालेल्या सामान्य ड्राइव्हने वीजपुरवठ्याविना ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती राखली पाहिजे. अवजड सेवेतील ड्राइव्हसाठी हीच मर्यादा ४० अंशांवर तीन महिने आहे. ही वापर संपलेल्या ड्राइव्हची किमान अपेक्षा आहे. नव्या ड्राइव्हमध्ये माहिती पुष्कळ अधिक काळ राहते. परंतु कोंडलेला भार हळूहळू गळतो आणि उष्णतेने ती गळती वाढते, हे तत्त्व दोहोंनाही लागू आहे. उष्ण प्रदेशातील कपाटात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या संग्रहासाठी म्हणूनच हार्ड डिस्क तुलनेने बरी. अर्थात तिचीही मोटर दीर्घकाळानंतर फिरेलच, याची शाश्वती नाही.

सारांश, नित्य वापरात सॉलिड-स्टेट ड्राइव्ह वरचढ आणि बंद कपाटात हार्ड डिस्क, असा निर्णय द्यावा लागतो. परंतु कोणतेही एक साधन अभिलेखागाराचे काम करू शकत नाही. पोथ्यांच्या अभ्यासकाला ही गोष्ट नवीन नाही : मूळ प्रत नष्ट होऊनही ग्रंथ टिकतो, तो नकलांच्या परंपरेमुळे. भेद एवढाच की, जीर्ण पोथीची अर्धी ओळ तरी वाचता येते; बंद पडलेली ड्राइव्ह पुष्कळदा काहीच सांगत नाही. नक्कल करण्याचा व ती मुळाशी ताडून पाहण्याचा काळ त्यामुळे पिढ्यांवरून काही वर्षांवर आला आहे, आणि ते काम नियमाने कोण करणार, हे प्रत्येक संग्रहाने आधीच ठरविले पाहिजे.