शीळ मेहकरची, कूळ भावगीताचं

मराठी भावगीताचं कूळ शोधत निघालं, की वाट बुलढाणा जिल्ह्यात, पैनगंगेकाठच्या मेहकरला येऊन पोचते. कवी ना. घ. देशपांडे इथले. जन्म १९०९ चा, शेंदुरजनचा. ऐन विशीत, १९२९ साली त्यांनी ‘शीळ’ ही कविता लिहिली.

‘भावगीत’ हा शब्द तेव्हाही होता, पण तो कागदावरच्या कवितेला लावत. रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता चालीवर म्हणत, त्याला काव्यगायन म्हणायचे. ग्रामोफोनच्या तबकड्यांवर राज्य होतं नाट्यपदांचं.

१९३२ साली गायक जी. एन. जोशी यांनी ‘शीळ’ला चाल लावून ती गायली आणि एचएमव्हीने तिची तबकडी काढली. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, मिनिटाला ७८ फेरे. चावी भरायची, नवी सुई लावायची, आणि तेवढ्यात गाणाऱ्याने सगळं सांगून व्हायचं. आलाप-ताना पसरायला तिथे जागा नाही. कविता मात्र नेमकी मावते. मला वाटतं, भावगीताला अंगलोट दिली ती या तीन मिनिटांनी. शब्द स्वच्छ कानी पडावेत, चालीने त्यांचं बोट धरून चालावं, हे वळण तिथलं. आणि शब्द तरी कसे? रायाला लाडाने दटावणाऱ्या गावाकडच्या बाईच्या तोंडचे. कर्णा ओसरीवर वाजला तरी चुलीपुढे बसलेलीला ते आपलेच वाटावेत.

पहिलं भावगीत हेच का, यावर वाद घालता येईल, कारण जे. एल. रानडेही त्याच काळात कविता गात होते. पण लोकांच्या ओठी बसून रीत पाडली ती ‘शीळ’ने. पुढे ख्यालगायिका म्हणून थोर झालेल्या गंगूबाई हनगल तेव्हा ‘गांधारी’ नावाने जोशींसोबत भावगीतं गायल्या. मग गायक गजाननराव वाटवे पेटी घेऊन गणेशोत्सवात उभे राहिले आणि तबकडीतलं गाणं चौकात आलं.

जोशी वकिली सोडून एचएमव्हीत गेले. कितीतरी मोठ्या गवयांची ध्वनिमुद्रणं त्यांच्या हातून झाली. देशपांडे मेहकरलाच वकिली करत राहिले. त्यांचा पहिला संग्रह आला १९५४ मध्ये, तबकडीनंतर तब्बल २२ वर्षांनी. त्याचं नाव ‘शीळ’. तोवर ती कविता घरोघरी गुणगुणली जात होती. पुस्तक तेवढं यायचं राहिलं होतं.