मॉर्मन मिशनसेवा

‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथातील तरुण-तरुणी शिक्षण, नोकरी आणि लग्न बाजूला ठेवून दीड ते दोन वर्षे पूर्ण वेळ, विनावेतन धर्मप्रचार करतात. या सेवेला मिशन म्हणतात. ती स्वदेशातही होते. पण तिचे सर्वपरिचित रूप परदेशातले आहे : पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि सोबत तशाच वेशातला जोडीदार. जगभर हा पंथ मॉर्मन या नावाने ओळखला जातो. तथापि २०१८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पंथाचे पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आणि संस्थेने ‘मॉर्मन’ हा शब्द बव्हंशी सोडून दिला. मुख्यालय यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. २०२४ अखेरीस सदस्यसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख, तर पूर्ण वेळ प्रचारक ७४,०००हून अधिक होते. त्यांच्यासाठी जगाची ४५० मिशनांत, म्हणजे कार्यक्षेत्रांत, विभागणी केलेली होती.

मराठी वाचकाला मिशनरी म्हटला की एकोणिसाव्या शतकातील माणसे आठवतात. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनचे लोक धर्मशास्त्र शिकून आले होते, अनेकांनी इथेच हयात घालवली, शाळा आणि छापखाने काढले. मॉर्मन प्रचारकाची जात वेगळी. तो जेमतेम विशीतला असतो, धर्मशास्त्राची पदवी त्याच्याजवळ नसते आणि मुदत भरताच तो घरी परततो. या पंथात पगारी पुरोहितवर्ग स्थानिक पातळीवर नाहीच, त्यामुळे प्रचाराचे कामही सामान्य कुटुंबांतील मुलांवरच येते.

पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी न्यू यॉर्क राज्यात केली. त्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू सॅम्युएल ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाच्या प्रती घेऊन गावोगाव निघाले, पंथाचे पहिले प्रचारक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. १८३७ मध्ये हीबर किंबल आणि त्यांचे सहकारी लिव्हरपूलला उतरले आणि प्रेस्टन येथे रिबल नदीत त्यांनी इंग्लंडमधील पहिले बाप्तिस्मे दिले. इंग्लंडच्या गिरणगावांतून पुढे हजारो कुटुंबे अमेरिकेला स्थलांतरित झाली. १८४४ मध्ये ॲडिसन प्रॅट पॅसिफिकमधील तुबुआई बेटावर पोचले, आणि परक्या भाषेत प्रचार करण्याची पंथाची परंपरा तेथे सुरू झाली. त्या काळातले प्रचारक बहुधा विवाहित गृहस्थ असत. बायकामुलांना मागे ठेवून, गाठीला पैसा न बांधता ते निघत आणि मिळेल त्या घरी जेवत.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध लवकर आला. १८५१ पासून कोलकात्यात मॉर्मन प्रचारक काम करू लागले. १८५२ मध्ये स्कॉटिश प्रचारक ह्यू फिंडले मुंबईत आले आणि तेथून पुण्याला गेले. एप्रिल १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजातून आणखी तेरा जण कोलकात्याला उतरले. त्यांपैकी चौघांना सयामला जायचे होते. मात्र ऑगस्ट १८५२ मध्येच पंथाने बहुपत्नीकत्व उघडपणे मान्य केल्याचे सॉल्ट लेक सिटीत जाहीर झाले होते, आणि ती बातमी प्रचारकांच्या वाटेत आडवी आली. पाद्री आणि वृत्तपत्रे विरोधात होती, लष्करी अधिकारीही छावणीत प्रचाराला प्रतिकूल होते. फिंडले यांचे मुंबई-पुण्यातील थोडेथोडके अनुयायी मुख्यतः युरोपीय होते आणि त्यांत सैनिकांचा भरणा होता. १८५६ पर्यंत हे प्रचारक निघून गेले. भारतात स्वतंत्र मिशन पुन्हा उभे राहायला १९९३ साल उजाडले. त्याचे केंद्र बंगळूर होते.

प्रचारकांचे आजचे तरुण रूप विसाव्या शतकात घडले. अविवाहित स्त्रियांना अधिकृतपणे प्रचारक नेमण्याची सुरुवात १८९८ मध्ये आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल यांना इंग्लंडला पाठवून झाली. १९७४ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी पात्र असलेल्या प्रत्येक तरुणाने मिशनवर जावे असे आवाहन केले, आणि पुरुषांच्या बाबतीत ते धार्मिक कर्तव्यच ठरले. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना मात्र जून १९७८ पर्यंत पंथात पौरोहित्यच नाकारलेले असल्याने त्यांच्यापुढे हा मार्गही बंद होता. पंथाच्या इतिहासावरचा हा मोठाच डाग आहे. बंदी उठल्यावर त्याच वर्षी नायजेरिया आणि घाना येथे प्रचारक गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केले. त्यानंतर प्रचारकांची संख्या सुमारे ५८ हजारांवरून दोन वर्षांत ८५ हजारांवर गेली आणि त्यांत मुलींचे प्रमाण ठळकपणे वाढले. २०२५ मध्ये मुलींसाठीही १८ वर्षांची मर्यादा लागू झाली. मुदत मुलांना चोवीस महिने आणि मुलींना अठरा. मुलींवर जाण्याचे बंधन नाही.

इच्छुकाला स्थानिक बिशप आणि त्यावरील स्टेक अध्यक्ष (अनेक स्थानिक मंडळ्यांच्या गटाचे प्रमुख) यांच्या मुलाखती द्याव्या लागतात; आचरण, श्रद्धा, आरोग्य, दात यांची तपासणी होते. देश निवडण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो. बारा प्रेषितांच्या परिषदेतील एक सदस्य अर्ज पाहून कार्यक्षेत्र ठरवतो, आणि ही नेमणूक ईश्वरी प्रेरणेने झाली असे श्रद्धाळू मानतात. पूर्वी नेमणुकीचे पत्र मोठ्या पांढऱ्या पाकिटातून टपालाने येई. २०१८ पासून ते संगणकावर येते. ते उघडायला आजही सारे घर, शेजारी आणि मित्रमंडळी जमतात. पत्र वाचणाऱ्याने देशाचे नाव उच्चारताच आरडाओरडा होतो, कुणी रडते, कुणी नकाशा शोधू लागते. आयडाहोतल्या एखाद्या खेड्यातील मुलाला पुढची दोन वर्षे तैवानमध्ये काढायची आहेत हे असे भरल्या घरात, एका ओळीत कळते.

खर्च प्रचारक आणि त्याचे कुटुंब उचलते. १९९० पर्यंत ज्या शहरात नेमणूक होई तिथला प्रत्यक्ष खर्च द्यावा लागे, त्यामुळे टोकियोला जाणाऱ्याचे घर गाळात जाई आणि स्वस्त देशात जाणारा सुखाने सुटे. १९९१ पासून अमेरिका आणि इतर सधन देशांतील प्रचारकांना एकसारखी मासिक रक्कम लागू झाली. ती जुलै २०२० पासून ५०० डॉलर आहे. गरीब देशांतील तरुणांना पंथाच्या निधीतून मदत मिळते. घरभाडे मिशन कार्यालय भरते आणि जेवणखाण-प्रवासासाठी बेताचा भत्ता हाती येतो.

निघण्यापूर्वीच्या प्रशिक्षणाचे मुख्य केंद्र यूटातील प्रोव्हो येथे आहे. १९६१ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठात व्हिसाची वाट पाहणाऱ्या प्रचारकांसाठी भाषावर्ग सुरू झाला, त्यातून हे केंद्र वाढले. मनिला, साओ पाउलो, मेक्सिको सिटी, अक्रा अशा शहरांतही केंद्रे आहेत. मातृभाषेत काम करणाऱ्याला काही आठवडे पुरतात. जपानी किंवा कोरियन शिकणाऱ्याला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. पद्धत सोपी आणि कठोर आहे : पहिल्या दिवसापासून त्याच भाषेत प्रार्थना करायची, तोडकेमोडके का होईना धडे द्यायचे. शिक्षक बहुधा नुकतेच त्या देशाहून परतलेले प्रचारक असतात. धड्यांचा आधार २००४ पासून ‘प्रीच माय गॉस्पेल’ ही मार्गदर्शिका आहे. तिच्या आधी ठरावीक संवाद तोंडपाठ करून म्हणण्याची प्रथा दीर्घकाळ होती.

प्रचारक एकटा कधीच राहत नाही. न्हाणीघर वगळता जोडीदार नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असला पाहिजे असा दंडक आहे. जोडीदार निवडण्याची मुभा नाही. मिशन अध्यक्ष जोड्या लावतात आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. हे अध्यक्ष तीन वर्षांसाठी सपत्नीक आलेले, संसारात मुरलेले गृहस्थ असतात. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारली जात नाही : मुलगा ‘एल्डर’ आणि आडनाव, मुलगी ‘सिस्टर’ आणि आडनाव. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेला टोंगाचा मुलगा आणि पहाटे गजर होताच उठवणारा शिस्तखोर अमेरिकन एका खोलीत येतात. स्वयंपाक, भांडी, पैसे, प्रार्थना सारे दोघांचे. परतलेल्या प्रचारकांच्या आठवणींत परक्या देशाइतकीच जागा या जोडीदारांनी व्यापलेली असते, आणि ते स्वाभाविक आहे. परदेशाची सवय होते, पण न पटणाऱ्या माणसाबरोबर चोवीस तास राहण्याची सवय दर बदलीनंतर नव्याने करावी लागते.

दिनक्रम साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथांचे वाचन, जोडीदाराबरोबर अभ्यास, भाषेचा अभ्यास, मग घराबाहेर. रात्री साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून देशाच्या रीतीप्रमाणे वेळांत थोडी सवलत मिळाली. चित्रपट, दूरचित्रवाणी, प्रेमप्रकरण वर्ज्य. पंथाच्या आहारनियमानुसार दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी चालत नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि पत्रांसाठी मोकळा असतो. घरी फोन करण्याची परवानगी फेब्रुवारी २०१९ पर्यंत वर्षातून दोनदाच होती, नाताळ आणि मातृदिन. त्यानंतर दर आठवड्याला बोलता येऊ लागले. जुन्या नियमामागे लक्ष विचलित होऊ नये हा हेतू होता, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलावर आणि त्याच्या आईवर त्याचा पडणारा भार फार मोठा होता. बदल उशिराच झाला.

परक्या संस्कृतीत या कामाचे स्वरूप कसे होते यासाठी जपान पाहण्याजोगा आहे. हीबर ग्रांट यांच्या नेतृत्वाखाली चौघे जण ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामाला उतरले. त्यांपैकी अल्मा टेलर अवघे एकोणीस वर्षांचे होते. ते सुमारे नऊ वर्षे राहिले, आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘बुक ऑफ मॉर्मन’चे जपानी भाषांतर त्यांच्या हातचे. एवढे करूनही दोन दशकांत दोनशे माणसेही पंथात आली नाहीत आणि १९२४ मध्ये मिशन बंद झाले. ते १९४८ मध्ये पुन्हा उघडले. आज तेथील प्रचारकाच्या पट्टीवर त्याचे आडनाव काताकाना लिपीत आणि पुढे ‘चोरो’ म्हणजे ज्येष्ठ ही पदवी असते; जोडीदार हा ‘दोर्यो’, तर प्रचार म्हणजे ‘देन्दो’. ती मुले इंग्रजीत बोलतानाही हेच शब्द वापरतात. दारोदार जाणे म्हणजे बहुतेक वेळा इमारतीच्या खाली उभे राहून इंटरकॉमच्या जाळीशी बोलणे, आणि वरून येणारा नकार इतका विनयशील असतो की नवख्याला तो नकार आहे हेच कळत नाही. घरात बोलावणे झालेच तर बूट दाराशी काढायचे, आणि यजमानाने पुढे केलेला हिरवा चहा नाकारायचा. अनुभवी प्रचारक आधीच सातूचा ‘मुगिचा’ चालेल असे सांगून ठेवतो. त्यात चहाची पत्ती नसते आणि यजमानाचा मानही राहतो. मोफत इंग्रजी संभाषणवर्गांना माणसे येतात, पण त्यांतली थोडीच धर्माबद्दल विचारतात.

अनेक देशांत कायदाच आड येतो. चीनमध्ये प्रचाराला मुभा नाही. घानाने जून १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात पंथाचे सर्व काम गोठवले होते. रशियात २०१६ च्या कायद्याने धर्मप्रचारावर निर्बंध आल्यावर पंथाने तिथल्या प्रचारकांना स्वयंसेवक म्हणायला सुरुवात केली. अमेरिकी असल्यामुळेही प्रचारक लक्ष्य होतात : मे १९८९ मध्ये बोलिव्हियातील ला पाझ येथे दोघांना अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या. तथापि हिंसेपेक्षा रस्त्यावरचे अपघात हा नित्याचा धोका आहे. पुढे सिनेटर झालेले मिट रॉम्नी १९६६ ते १९६८ या काळात फ्रान्समध्ये प्रचारक होते. जून १९६८ मध्ये ते चालवत असलेल्या मोटारीला दुसऱ्या गाडीने समोरून धडक दिली, त्यात मिशन अध्यक्षांच्या पत्नीचा मृत्यू झाला. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे हजारो प्रचारकांना काही आठवड्यांत मायदेशी आणावे लागले, आणि प्रचाराचा मोठा भाग समाजमाध्यमांवर गेला.

२०२४ मध्ये ३,०८,०००हून अधिक नवे सदस्य पंथात आले. प्रचारकामागे सरासरी चार. पण ही सरासरी पश्चिम आफ्रिकेतील पीक आणि पश्चिम युरोपातील दुष्काळ झाकते. युरोपात दोन वर्षांत एकही बाप्तिस्मा न पाहिलेले प्रचारक आहेत, आणि नवसदस्यांपैकी बरेच जण पुढे उपासनेला येणे सोडतात. तरीही पंथ ही व्यवस्था सोडत नाही, कारण तिचे सर्वांत भरवशाचे फळ प्रचारक स्वतः आहे. रोज नकार पचवत जो आपली श्रद्धा परक्या भाषेत मांडायला शिकतो, त्याची ती श्रद्धा बहुधा पक्की होते. पुढचे बिशप आणि प्रेषित याच मुलांतून निवडले जातात. भाषेचा लाभ तर सहज मोजता येतो. यूटा नॅशनल गार्डची भाषातज्ज्ञांची गुप्तवार्ता ब्रिगेड बऱ्याच अंशी परतलेल्या प्रचारकांवर उभी आहे. चीनमधील माजी अमेरिकी राजदूत जॉन हंट्समन मँडरिन तैवानच्या मिशनमध्ये शिकले, तर हार्वर्डचे दिवंगत व्यवस्थापनतज्ज्ञ क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी कोरियात सेवा केली होती.

मुदत संपवून परतलेल्याला स्टेक अध्यक्ष रीतसर मुक्त करतात आणि नावाची पट्टी उतरते. एकट्याने रस्त्यावर चालणे, स्वतःचा वेळ स्वतः ठरवणे हे काही दिवस अवघड जाते. लग्न आणि शिक्षणाचे प्रश्न लगेच समोर येतात. यांहून कठीण स्थिती आजारपण, नैराश्य किंवा श्रद्धेतील शंकांमुळे मुदतीआधी परतणाऱ्यांची होते. घट्ट विणीच्या मॉर्मन वस्त्यांत त्यांच्याकडे अपयशी म्हणून पाहिले जाते, कित्येकांचा पंथाशी संबंधही त्यानंतर सुटतो. मिशनमध्ये मानसिक आरोग्याचे सल्लागार नेमण्यात आले आहेत, आणि ज्यांना घर सोडणे झेपत नाही त्यांना घरी राहून अन्नछत्रे, रुग्णालये किंवा निर्वासितांच्या मदतकार्यात सेवा करण्याचा मार्ग अलीकडे मान्य झाला आहे. या सेवेलाही मिशनचाच दर्जा दिला जातो.